मंडपात राहून गेलेलं वाक्य

डॉक्टरांनी फाईल उघडून शिवांजलीसमोर धरली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

“तुमच्या वडिलांची ही अँजिओग्राफी मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतली आहे. तीन रक्तवाहिन्या तुंबल्यात, महिन्याभरात बायपास करून घ्या, असं मी स्वतः लिहून दिलं होतं. त्याला चौदा महिने झाले. तुमचा भाऊ सांगतो, तुम्ही डॉक्टर आहात, हृदयाच्या औषधावरच काम करता. मग इतके दिवस कशाची वाट बघत होता तुम्ही?”

शिवांजली डॉक्टर नव्हती. साताऱ्याच्या एका महाविद्यालयात ती पीएच.डी. करत होती आणि पदवी अजून हातात पडायची होती. पडली असती तरी ती या डॉक्टरांसारखी डॉक्टर होणार नव्हती. पण तिची नजर अडकली ती वेगळ्याच ठिकाणी. कागदावर बारा फेब्रुवारी ही तारीख होती. तिच्या गावी, कुंडलमध्ये, तिचा सत्कार झाला तो पंधरा फेब्रुवारीला. म्हणजे हा कागद घरात कुठंतरी दडवून, तीन दिवसांनी तिचे वडील, तात्या, फेटा बांधून मंडपात उभे राहिले होते.

“मला हे आत्ता कळतंय, सर,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांचा आवाज खाली आला. “बसा,” ते म्हणाले.

आदल्या दिवशी सकाळी उसाच्या बांधावर आलेला झटका मोठा होता. हृदयाचा बराच स्नायू मेला होता. निरोगी हृदय एका ठोक्याला जेवढं रक्त पुढं ढकलतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी आता तात्यांचं हृदय ढकलत होतं, आणि त्याचा मार मूत्रपिंडांनाही बसला होता. अशा अवस्थेत छाती उघडली तर टेबलावरच काही बरंवाईट होण्याची भीती जास्त. तेव्हा गोळ्यांवर ठेवायचं. जपलं तर काही वर्षं काढतील. पण शेत, जिना, सायकल, सगळं बंद.

“तेव्हा ऑपरेशन केलं असतं तर?”

डॉक्टरांनी फाईल मिटली. “तेव्हा स्नायू चांगला होता,” ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावण्यासाठी त्यांनी घंटी दाबली.

बाहेर व्हरांड्यात तिचा चुलतभाऊ विश्वजीत दोन कप चहा घेऊन उभा होता. घरचा ट्रॅक्टर तोच चालवायचा आणि घरातली सगळी धावपळही त्याच्याच अंगावर असायची. काल तात्यांना गाडीत घालून कुंडलहून सांगलीला त्यानंच आणलं होतं. अंगावर अजून कालचाच शर्ट होता.

“चा घे, ताई.”

“तुला ठावं हुतं?” शिवांजलीच्या तोंडून आपसूक गावची बोली आली.

“व्हय.”

“चौदा म्हैने?”

“मीच आणलं हुतं की मोटारसायकलवरनं. परत जाताना तात्यांनी तासगावच्या फाट्यावर गाडी थांबवाय लावली आन् शपथ घातली. म्हणालं, शिवाच्या सत्काराच्या तोंडावर घरात रडारड नको. कार्यक्रम हू दे, मग सांगू. काकीला मी दर म्हैन्याला गोळ्या आणून द्यायचो, पित्ताच्या हायत म्हणून.”

“आन् सत्कार झाल्यावर?”

“झाल्यावर म्हणालं, आता तर अजिबात सांगायचं न्हाई.”

“आता तर का?”

विश्वजीत कपात बघत राहिला. “मला वाटलं, तुझं औषध येणार हुतं म्हणून थांबल्यात.”

तिचं औषध. ते नेमकं काय होतं, हे इथं नीट सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

आपलं हृदय कोट्यवधी बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला एक भिंत असते. त्या भिंतीला बाहेरून, दाराला असावी तशा, हजारो कड्या लावलेल्या आहेत असं समजा. रक्तातून वाहत एखादा रेणू येतो, आपली कडी बरोबर ओळखतो, ती वाजवतो आणि आत हुकूम जातो. जोरात चाल. दमानं घे. आवळून धर. या कड्यांना शास्त्रज्ञ रिसेप्टर म्हणतात. त्यांत एक कडी अशी आहे की ती वाजली की एकाच वेळी दोन हुकूम जातात. एकानं रक्तवाहिन्या आवळतात आणि आजारी हृदयावरचा बोजा वाढतो. दुसऱ्यानं त्याच हृदयाला तग धरायला मदत होते. दुकानात मिळणारी औषधं ती कडीच बांधून ठेवतात, म्हणजे वाईट हुकूम बंद आणि चांगलाही बंद. शिवांजलीला कडी अशा बेतानं वाजवायची होती, की फक्त चांगला हुकूम आत जावा.

त्यासाठी ती आठ मण्यांची साखळी बनवत होती. हे मणी म्हणजे अमिनो आम्लं. आपल्या अंगातली प्रथिनं यांचीच बनतात, आणि अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. कोणता मणी कुठं बसवला की साखळीला कोणता आकार येतो, हे ती आधी संगणकावर बघायची आणि मग प्रयोगशाळेत एकेक मणी जोडत न्यायची. पहिली साखळी नळीतल्या रक्तद्रवात आठ मिनिटांत संपली. रक्तात अशा साखळ्या टोकाकडून कुरतडणारे रेणू असतात. शिवांजलीनं मग साखळीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून तिची माळ केली. कुरतडायला टोकच सापडेना, तेव्हा माळ सहा तास टिकली. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर घातली, तर चांगला हुकूम जास्त जातो आणि वाईट कमी, असंही दिसलं.

पाच वर्षांच्या कष्टाचं फळ ते एवढं. नळी आणि बशी. माणूस सोडाच, उंदरालाही ती माळ अजून कुणी टोचली नव्हती. उंदरानंतर मोठी जनावरं, मग माणसं, आणि त्या वाटेवर निघालेल्या शंभर रेणूंतला एखादाच दुकानापर्यंत पोचतो. शिवांजलीला हे सगळं पाठ होतं.

पण तिचा शोधनिबंध एका नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला, पेटंटसाठी अर्ज गेला, आणि कुणा हौशी बातमीदारानं ‘कुंडलच्या कन्येने शोधले हृदयविकारावर औषध’ असं चार रकान्यांत छापून टाकलं. त्याच सकाळी तात्यांचा फोन आला. तिचे वडील, नाथाजी, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरीदारी सगळे त्यांना तात्याच म्हणत.

“आगं, चोवीस वर्सं फौजेत काढली, बर्फात पाय काळं करून घेतलं. माझा फोटू कवा छापून न्हाई आला! पंधरा तारखेला सुट्टी काढ. मंडप घालतूय.”

साताऱ्याहून निघताना तिच्या मार्गदर्शक प्रमोदिनी मॅडमनी तिला खोलीत बोलावून घेतलं होतं. मॅडम मूळच्या वाईच्या, बोलणं मऊ, पण नजरेतून एकही अंक सुटायचा नाही. “हे बघ, गावात तू हवं ते बोल,” त्या म्हणाल्या होत्या, “पण एक वाक्य विसरू नकोस हं. हे अजून औषध नाही, औषधाच्या वाटेवरचं पहिलं पाऊल आहे, आणि अशी बहुतेक पावलं मध्येच थांबतात. म्हण बघू.” शिवांजलीनं शाळकरी मुलीसारखं ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं होतं.

मंडपात सरपंच नानासो बोलायला उठले. तात्यांचे लहानपणापासूनचे सोबती, एकमेकांना चिमटे काढल्याशिवाय दोघांना करमायचं नाही. “आमचा नाथा शाळेत असताना पाढं म्हणताना सातावर अडकायचा,” ते म्हणाले आणि मंडप हसला. “पण त्याच्या पोरीनं कुंडलचं नाव काढलं! आता म्या सांगतो, हितनं फुडं ह्या गावात कुणी छाती फाडून घ्यायची न्हाई. आपल्या पोरीचं औषध येतंय!” टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. शाल आणि नारळ झाल्यावर माईक शिवांजलीच्या हातात आला.

वाक्य तिच्या ओठांवर होतं. तिनं समोर बघितलं. तात्या खुर्ची असून बसले नव्हते. पहिल्या रांगेच्या कडेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोक्याला केशरी फेटा, हात बाजूला सरळ धरून ताठ उभे होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. नानासो बोलून चुकलेत, असं आत्ता म्हणायचं? सगळ्या गावासमोर, तात्यांनी घातलेल्या मंडपात? शिवांजलीनं माईक तोंडाजवळ नेला.

“तुमच्या सगळ्यांच्या आशीर्वादानं हे औषध लवकरच...”

पुढचं काय ते टाळ्यांत बुडालं. तिला ते पुरं करावंही लागलं नाही. परतीच्या एसटीत कराडपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली. सत्कारातलं भाषण कोण मनावर घेतं? माणसं जेवली, फोटो काढले, घरी गेली.

प्रयोगशाळेत मात्र ती अशी नव्हती. त्याच वर्षी जून महिन्यात, प्रबंध जवळजवळ लिहून झालेला असताना, एका तक्त्यातले दोन अंक तिला खटकले. पंधरा दिवस मागं लागून तिनं कारण शोधलं. तिची पेप्टाइडची माळ प्लास्टिकच्या नळीला आतून चिकटत होती. नळीत जेवढी घातली असं ती धरून चालली होती, त्यापेक्षा कमीच द्रवात उरत होती. परीक्षकांच्या ते कधीच लक्षात आलं नसतं. मॅडमनी निर्णय तिच्यावर सोडला. शिवांजलीनं न चिकटणाऱ्या नळ्या मागवल्या आणि तो सगळा भाग पहिल्यापासून पुन्हा केला. त्यात सहा महिने गेले. ऑगस्टमधली तोंडी परीक्षा आधी डिसेंबरवर गेली, मग परीक्षकांच्या सवडीनं उन्हाळ्यावर.

सांगलीच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिनं मनातल्या मनात एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. मंडपात आपण चुकलो, पण तात्यांना तरी फसवलं नाही. दिवाळीत, गोठ्यात ते धार काढत असताना, तिनं त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. मग तरी ते का थांबले? त्यांना कळलं नसावं. आपणच नीट समजावून सांगितलं नसावं.

चौथ्या दिवशी तात्यांना अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवलं. आई खाली औषधं आणायला गेली होती. तात्या उशाला टेकून बसले होते, दाढीचे खुंट पांढरे वाढलेले. चार दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

“तात्या, दिवाळीला मी तुमाला काय सांगितलं हुतं, आठवतंय?”

“काय?”

“औषध व्हायला धा-बारा वर्सं लागतील, आन् बहुतेक व्हायचंच न्हाई, म्हणून.”

“सांगितलंस की. उंदराचं बी सांगितलंस.”

“मग तुमाला कळलं न्हवतं का?”

“न कळाया काय झालं?” तात्या जरा चिडलेच. “फौजेत हुतो मी. नकाशे वाचल्यात, वायरलेस चालीवलाय. तू एवढं बैजवार सांगितलंस आन् मला कळू नये व्हय?”

“मग कशाची वाट बघत हुता?”

तात्यांनी खिडकीकडं बघितलं. “तुझ्या त्या शेवटच्या परीक्षेची,” ते म्हणाले.

आपण नीट ऐकलं नाही, असं शिवांजलीला वाटलं.

“म्हंजे?”

“आगं, मला सांगितलंस तू. पर गावाला कुठं सांगितलंस? गावाला एकच ठावं, शिवाचं औषध येतंय. आता मीच सांगलीला येऊन छाती फाडून घेतली असती, तर नानासो चावडीवर बसून काय म्हणला असता? ज्याच्या पोरीनं औषध काढलं, त्यो बापच टेबलावर जाऊन झोपला. घरच्याचाच इश्वास न्हाई. मग त्ये बातमीदारानं उचललं असतं. मग तुझ्या कालेजात गेलं असतं. तुझी डिग्री अडकली असती.”

“तात्या, असल्या कारणानं डिग्री कोण अडवत न्हाई वो.”

“मला काय ठावं? मला वाटलं अडवत्यात.” त्यांनी दम घेतला. आता चार वाक्यांनंतर त्यांना थांबावं लागत होतं. “म्हणलं, एकदा कागद हातात पडू दे तिच्या. मग कोण काय बी म्हणू दे. तू ऑगस्ट म्हणालीस. म्हणलं, ऑगस्टपत्तुर काढतो कसंबी. पायऱ्या चढायचं बंद केलं, उसाची मोळी उचलायची बंद केली. मग तू म्हणालीस डिसेंबर. मग म्हणालीस उन्हाळा.”

शिवांजलीला जूनमधला फोन आठवला. प्रयोगशाळेच्या जिन्यात उभं राहून तिनं सांगितलं होतं, तात्या, एक चूक सापडलीय, सगळं परत करावं लागणार, सहा महिने पुढं गेलं. पलीकडं तात्या बराच वेळ काही बोलले नव्हते. तिला वाटलं होतं, रेंज गेली. मग ते म्हणाले होते, “बरं. चुकीचं काय लिवू नको. लागू दे येळ.”

तेव्हा त्यांच्या घरात तो कागद चार महिने पडून होता.

दोन अंकांसाठी तिनं सहा महिने दिले होते. मंडपात एका वाक्यासाठी अर्धं मिनिटही दिलं नव्हतं. ती वाकली आणि तिनं कपाळ पलंगाच्या लोखंडी कठड्याला टेकवलं. तात्यांना वाटलं, ती दमली आहे.

“चार दिस झोपली न्हाईस. जा, घरी जाऊन अंग धुऊन ये,” ते म्हणाले.

अकराव्या दिवशी तात्यांना घरी आणलं. पुढच्या सोप्यात, दारातनं रस्ता दिसेल असा पलंग टाकला. दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, त्यामुळं कोनाड्यात बिस्किटांचे पुडे आणि शहाळी यांची रास झाली. जो तो आपल्या ओळखीतल्या कुणाचा तरी झटका वर्णन करून सांगायचा. आई, अंजना, प्रत्येकाला चहा करायची आणि प्रत्येकाला तेच सांगायची, “पित्ताच्या गोळ्या म्हणून देत हुते मी. मला मेलीला काय ठावं?”

घरी आणल्याच्या चौथ्या दिवशी दुपार कलल्यावर नानासो आले. सोप्यात आधीच चारपाच माणसं होती. शेजारच्या बनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“काय हवालदार, सिक लीव्ह काढली काय?” नानासोंनी दारातनंच सुरुवात केली. “लेका, बांधावर पडायचं तर सांगून पडायचं. तिथं ऊस माझा हाय. मोडला असता म्हंजे?”

“तुझा ऊस मोडाया आसतोय कुठं? वाळलाय त्यो,” तात्या म्हणाले. पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जुनी धार आली. माणसं हसली.

तेवढ्यात शिवांजली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. नानासोंनी मोर्चा तिच्याकडं वळवला.

“आन् काय गं डॉक्टरीणबाई? सगळ्या दुनियेसाठी औषध काढलंस आन् बापाला चमचाभर द्यायला इसरलीस व्हय?”

पुन्हा सगळे हसले. कुचेष्टा नव्हती त्यात, नानासोंचं बोलणंच तसं. पण तात्या कोपरावर भार देऊन उठायला बघू लागले.

“आरं, तसं न्हाई नानासो. सरकारचा शिक्का पडायचाय अजून. शिक्का पडला की पयली बाटली...” त्यांना दम लागला. ते थांबले, त्यांनी तोंड उघडून श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. “पयली बाटली माझ्याच उशाला.”

शिवांजली ट्रे धरून जागीच थांबली. तात्या अजूनही तिच्यासाठी खिंड लढवत होते. एवढा एक श्वास त्यांच्याजवळ होता आणि तोही ते तिच्या नावासाठी खर्च करत होते. आता गप्प बसणं किती सोपं होतं. चहा द्यायचा आणि आत जायचं, बस.

तिनं ट्रे खाली ठेवला.

“नानाकाका, शिक्का पडायचा नाही,” ती म्हणाली. “औषधच नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे मी जे केलंय ते काचेच्या बशीत केलंय. पेशी वाढवल्या, त्यांच्यावर टाकून बघितलं. माणसाला सोडा, उंदरालापण अजून दिलेलं नाही. आणखी दहा-बारा वर्षं लागतील, आणि तरीसुद्धा बहुतेक काही निघणार नाही.”

“शिवा, आत जा,” तात्या म्हणाले.

“तात्या, बोलू द्या मला. त्या दिवशी मंडपात मला हे ठाऊक होतं. सांगायचं ठरवून आले होते आणि सांगितलं नाही. लवकरच येणार असं म्हणाले. ते खोटं होतं.” तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. “ज्याला कुणाला डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं असेल, त्यानं ते करून घ्या. माझ्या औषधाची वाट बघत बसू नका. तात्या माझ्या त्या खोट्यामुळं थांबले.”

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. “मग बाई, पेपरात छापत्यात ते काय?” त्या एवढंच म्हणाल्या, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. चहा तसाच राहिला. एकेक जण “येतो मग, जपा” असं पुटपुटत उठला.

नानासो मात्र बसूनच होते. सगळी माणसं गेल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती उगाच चापून सरळ करत राहिले.

“नाथा, त्या सांगलीच्या डॉक्टराचं नाव काय रं?”

“कशाला?”

“मला बी दोन जागी तुंबल्यालं सांगितलंय. पौषात तपासलं हुतं. घरात कुणाला बोललो न्हाई. म्हणलं, बघू की, शिवाचं येतंय तर...” त्यांनी पुढचं गिळलं. शिवांजलीकडं त्यांनी बघितलंही नाही.

तात्यांनी उशाजवळच्या फायलीकडं बोट केलं. मग म्हणाले, “त्या फायलीवर छापलंय नाव. नंबर बी हाय. शिवा, दे त्येला उतरून.”

शिवांजलीनं कागदाचा तुकडा फाडून त्यावर नाव आणि नंबर लिहून दिला. नानासोंनी तो दोनदा वाचला, टोपीच्या घडीत ठेवला आणि टोपी डोक्यावर घातली. “सोमवारीच जातो,” ते म्हणाले. उंबरा ओलांडताना त्यांनी मागं वळून बघितलं, काहीतरी चेष्टेचं बोलायला तोंड उघडलं आणि तसेच निघून गेले.

सोप्यात बापलेक दोघंच उरले. आईची आत भांड्यांची खुडबुड चालली होती. शिवांजली पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली. तात्या चिडले असते, ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं.

“सांगितलंसच की शेवटी,” ते म्हणाले.

“व्हय, तात्या.”

“चार मान्सांत. चा द्यायला आली हुतीस, आन् उभ्या उभ्या सांगून मोकळी झालीस. पाच मिंटं बी लागली न्हाईत.”

“व्हय.”

“नानासो बी काय बोलला न्हाई. कोणच काय बोललं न्हाई. गुमान उठून गेली सगळी.” त्यांचा आवाज चढला नाही. सैन्यातल्या जुन्या गोष्टी सांगताना एखादं ठिकाण आठवत नसलं की ते जसे कपाळाला आठ्या घालून बघायचे, तसे ते तिच्याकडं बघत होते. “मग मी कशापायी थांबलो हुतो, पोरी?”

“माझ्यामुळं,” शिवांजली म्हणाली.

तात्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, तिला कळलं नाही. त्यांना भिंतीकडं वळायचं होतं. कूस बदलायला आता त्यांना दुसऱ्याच्या हाताचा आधार लागायचा. शिवांजली हातभर अंतरावर होती. ती अर्धी उठलीसुद्धा.

“आगं ए,” तात्यांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, “जरा हिकडं ये. हात दे मला.”

पदराला हात पुसत आई बाहेर आली.